तुटीची वाटणी

८.६०३ टीएमसी. तीन दशांश स्थळांपर्यंत काढलेला हा आकडा ३० ऑक्टोबर २०२३ च्या सरकारी आदेशातला आहे. नाशिक आणि नगर जिल्ह्यांतल्या धरणांमधून एवढे पाणी खाली पैठणच्या जायकवाडीत सोडावे, असे गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाने त्यात म्हटले होते. मुळा धरणातून २.१०, प्रवरा समूहातून ३.३६, गंगापूर समूहातून ०.५० आणि दारणा समूहातून २.६४३. सोनाराच्या तराजूला शोभेल अशी ही मोजणी. प्रत्यक्ष पाणी सुटले ते मात्र नोव्हेंबरच्या अखेरीस. मधले साडेतीन आठवडे आंदोलने, निवेदने, मंत्र्यांच्या भेटी आणि न्यायालयाच्या तारखा यांत गेले. सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती द्यायला नकार दिला आणि मगच दरवाजे उचलले गेले.

टीएमसी हा शब्द मराठी माणसाच्या कानांवर दर पावसाळ्यात पडतो, पण त्याचा आवाका डोळ्यांपुढे येत नाही. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सरकारी भाषेत २८.३ दशलक्ष घनमीटर (दलघमी), म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडल्यावर मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. सुमारे ३४० किलोमीटरचा तो प्रवास. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, तिने पाच लाख लिटर पाणी आणले. पुढे पन्नास टाक्यांची गाडी सुरू झाली, ती एका खेपेत २५ लाख लिटर आणायची. त्या हिशेबाने एका टीएमसीसाठी पन्नास टाक्यांच्या अकरा हजारांहून जास्त खेपा लागल्या असत्या. दुष्काळात शहराची तहान टँकरने किंवा रेल्वेने कशीबशी भागवता येते. शेती आणि खोरे जगवायचे तर नदीचेच पाणी वाटून घ्यावे लागते.

हे वाटप अवघड का, ते समजायला आधी गोदावरीचा माथा पाहायला हवा. नदी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते. इगतपुरी, भंडारदरा या सह्याद्रीच्या कुशीतल्या पट्ट्यात तीन हजार मिलिमीटर आणि त्याहूनही जास्त पाऊस पडतो. तिथून पूर्वेला सरकले की लवकरच पर्जन्यछाया सुरू होते आणि पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येतो. गोदावरी, दारणा, कादवा, प्रवरा, मुळा या सगळ्या नद्यांचे पाणी पुढे एकत्र होऊन पैठणला पोचते. जायकवाडीचे पाणलोट क्षेत्र २१,७५० चौरस किलोमीटरचे आहे, पण त्यातला खरा पाणी देणारा भाग पश्चिमेची ती अरुंद पट्टीच. आणि त्या पट्टीत वरची धरणे बसली आहेत.

ती धरणे जुनी आहेत. नांदूर मधमेश्वरचा बंधारा आणि गोदावरीचे कालवे विसाव्या शतकाच्या पहिल्या-दुसऱ्या दशकातले, दारणा धरण १९१६ चे, भंडारदरा १९२६ चे. ती दुष्काळ निवारणासाठी बांधली गेली, पण त्यांच्या कालव्यांवर ऊस वाढला, साखर कारखाने आले. १९५० च्या सुमारास लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला आणि कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, संगमनेर या पट्ट्याचे रूप पालटले. इथल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हे पाणी तीन-चार पिढ्यांचे आहे. त्याच्या आजोबाने कालव्यावर ऊस लावला, बापाने कारखान्याचा शेअर घेतला.

जायकवाडी त्यानंतरची. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्‌घाटन. दहा किलोमीटर लांबीची भिंत, २७ दरवाजे, २,९०९ दलघमी म्हणजे जवळजवळ १०३ टीएमसीचा साठा. त्यातला २,१७१ दलघमी म्हणजे सुमारे ७६.६ टीएमसी उपयुक्त साठा आणि २६ टीएमसी मृतसाठा. डावा कालवा २०८ किलोमीटरचा, उजवा १३२ किलोमीटरचा. औरंगाबादपासून परभणीपर्यंतच्या कोरडवाहू मराठवाड्याला या धरणाने बागायतीचे स्वप्न दाखवले. धरण जितके अवाढव्य तितके ते वरून येणाऱ्या पाण्यावर अवलंबून. स्थानिक पावसावर ते भरत नाही.

राज्याराज्यांतल्या भांडणाचे इथे काही उरलेले नाही. ६ ऑक्टोबर १९७५ रोजी महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांच्यात करार झाला, पुढे बच्छावत लवादाने तो आपल्या निवाड्यात घेतला. त्यानुसार पैठणपर्यंतचे गोदावरीचे सगळे पाणी वापरायची महाराष्ट्राला मोकळीक आहे. त्यामुळे हा तंटा पूर्णपणे घरातला आहे. लवाद नाही, केंद्र सरकार नाही, दुसऱ्या भाषेचा शेजारी नाही. दोन्ही बाजूंचे आमदार एकाच सभागृहात बसतात, आणि कधी कधी एकाच मंत्रिमंडळातही.

धरण बांधताना पैठणला किती पाणी येईल याचा जो अंदाज होता, तो पुढे खाली आणावा लागला. दरम्यान वर नवी धरणे, शेततळी, बंधारे होत गेले. नाशिक शहर वाढले आणि गंगापूर-दारणाच्या सिंचनाच्या पाण्यातला वाटा पिण्याला आणि उद्योगांना गेला. चांगल्या पावसाच्या वर्षी हे सगळे झाकले जाते: वरची धरणे ऑगस्टमध्येच भरतात, सांडव्यावरून पाणी वाहते आणि जायकवाडीचा जलाशय, म्हणजे नाथसागर, तुडुंब होतो. पाऊस कमी झाला की वरची धरणे ऐंशी-नव्वद टक्क्यांवर आणि जायकवाडी पंचवीस-तीस टक्क्यांवर, असे चित्र दिसते. २०१२, २०१४, २०१५, २०१८ आणि २०२३ या वर्षांत ते कमीअधिक प्रमाणात दिसले.

यावर कायद्याने उत्तर आधीच देऊन ठेवले होते. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ च्या कलम १२ (६) (क) चा आशय असा: खोऱ्यातल्या टंचाईची झळ सर्वांनी समन्यायाने सोसावी म्हणून दरवर्षी ऑक्टोबरअखेरपर्यंत खोऱ्यातल्या सगळ्या धरणांतला पाणीसाठा, खरिपातला वापर धरून, टक्केवारीत साधारण सारखा राहील अशा रीतीने नियंत्रित करावा. देशातल्या कोणत्याही राज्याने अभिमानाने मिरवावे असे हे कलम आहे. त्यातले 'खरिपातला वापर धरून' हे शब्द फार विचारपूर्वक घातलेले दिसतात. ते नसते, तर वरच्या धरणांनी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कालवे सोडून आपापली टक्केवारी खाली आणली असती आणि ऑक्टोबरच्या मोजणीत 'आमच्याकडेही कमीच आहे' असे सांगायची सोय झाली असती.

कलम २००५ चे, त्याखालचे नियम आले २०१३ मध्ये. मधली आठ वर्षे ते नुसते राजपत्रात होते. २०१२-१३ च्या दुष्काळाने सरकारला हालवले. हिरालाल मेंढेगिरी यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने ऑगस्ट २०१३ मध्ये अहवाल दिला. वरची धरणे मुळा, प्रवरा, गंगापूर, दारणा आणि पालखेड अशा पाच समूहांत वाटून, जायकवाडीत किती साठा असेल तर कुठल्या समूहाने आपल्याकडे जास्तीत जास्त किती पाणी ठेवावे, याची कोष्टके त्यांनी दिली. १५ ऑक्टोबरला साठे मोजायचे. जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचे, वर असेल तर विषय संपला. १९ सप्टेंबर २०१४ रोजी प्राधिकरणाने यावर आदेश दिला आणि २३ सप्टेंबर २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते कलमही वैध ठरवले आणि त्याची अंमलबजावणीही उचलून धरली. त्याआधी २०१५ मध्ये १२.८४ टीएमसी सोडायचा आदेश निघाला होता. २०१८ मध्ये ८.९९ टीएमसीचा निघाला.

६५ टक्क्यांवर दोन्हीकडून टीका झाली. मराठवाड्याचे म्हणणे, कायदा सगळ्यांची टक्केवारी सारखी करा म्हणतो, मग वरच्यांकडे नव्वद असताना आम्ही ६५ वर समाधान का मानायचे? वरच्यांचे म्हणणे, धरण मोठे बांधले म्हणून त्याची टक्केवारी नेहमीच कमी दिसणार. ज्या पाण्याच्या भरवशावर ते आखले ते पाणीच नदीत नाही, तर त्याची शिक्षा आम्हाला का? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. आणि म्हणूनच टक्केवारी कितीही बारकाईने काढली तरी वाद मिटत नाही.

कागदावरचे पाणी नदीत उतरले की त्याचे काय होते, ही वेगळीच कथा. मुळा धरणाचे पाणी मुळेतून प्रवरेत येते आणि प्रवरासंगमाजवळ गोदावरीला मिळते. भंडारदऱ्याचे पाणी निळवंडेतून पुढे ओझरच्या बंधाऱ्यावरून येते. गंगापूरचे पाणी नाशिकच्या रामकुंडावरून, दारणाचे सायखेड्याकडून, आणि दोन्ही नांदूर मधमेश्वरला एकत्र येतात. वाटेत कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पाणी सोडण्याआधी त्यांच्या फळ्या काढायच्या, नाहीतर पहिले पाणी त्यांतच अडते. नदीकाठच्या कृषिपंपांची वीज तोडायची, जमावबंदी लावायची, काठाने पोलीस आणि पाटबंधारे खात्याची पथके फिरवायची. कोरडे पात्र आधी स्वतः पाणी पिते. वाळू उपसून केलेले खड्डे भरतात, काठच्या विहिरींत झिरपते, उन्हाने उडते. वरच्या दरवाजातून जेवढे सुटले तेवढे नाथसागरात येत नाही हे सर्वांना माहीत असते, आणि किती आले यावर पुन्हा वाद होतो. वहनव्यय, म्हणजे वाटेतली घट, कमी करायचा तर पाणी थांबून थांबून न सोडता एकदम मोठ्या विसर्गाने सोडावे लागते, आणि तेही नदी पावसाळ्याने ओली असताना. प्रत्येक मोर्च्याने आणि प्रत्येक तारखेने पुढे ढकललेला आठवडा म्हणजे पात्र आणखी कोरडे आणि वाटेतली घट आणखी मोठी. उशिराची किंमत दोन्ही बाजू मोजतात; वरच्यांचे पाणी गेलेले असते आणि खालच्यांना ते मिळालेले नसते.

खाली पोचलेले पाणी कुठे साठते, हाही वरच्यांचा एक रास्त मुद्दा आहे. नाथसागर उथळ आहे. भरला की त्याचा पसारा साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास जातो. त्याची पातळी नुसती एक सेंटीमीटर उन्हाने उतरली तरी साडेतीन दलघमी पाणी आकाशात जाते. सह्याद्रीतल्या खोल दरीतले भंडारदरा हे पाणी जपून ठेवण्याच्या दृष्टीने कितीतरी चांगले. मग सगळे पाणी एकदम नोव्हेंबरमध्ये खाली आणण्याऐवजी उन्हाळ्यात लागेल तसे का आणू नये? कारण उन्हाळ्यात नदीचे पात्र त्याहून जास्त पिते. आणि दुसरे कारण अभियांत्रिकीचे नाही: एप्रिलमध्ये वरच्या धरणात राहिलेले पाणी खाली मिळेल, यावर मराठवाड्यात कुणाचाच विश्वास नाही.

खालच्यांनाही काही प्रश्न विचारावे लागतात. जायकवाडीच्या पाण्यावर ऊस आहे, औरंगाबाद आणि जालन्याची तहान आहे, वाळूज-चिकलठाण्याचे कारखाने आहेत आणि त्या कारखान्यांत बिअर-मद्याचेही आहेत. एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला रेल्वेने पाणी जात असताना, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती उद्योगांचे पाणी आधी ५० आणि मग ६० टक्क्यांनी कापायचा आदेश दिला. त्या वेळी आयपीएलच्या मैदानांवर जाणाऱ्या पाण्यावरूनही न्यायालयात वाद झाला आणि महाराष्ट्रातले सामने राज्याबाहेर गेले. या बातम्या फार गाजल्या. पाण्याच्या हिशेबात मात्र मैदान आणि मद्य हे दोन्ही किरकोळ. मोठा आकडा उसाचा. महाराष्ट्रात एकूण पिकांखालच्या क्षेत्रात उसाचा वाटा चार-पाच टक्क्यांच्या आसपास, आणि सिंचनाच्या पाण्यातला वाटा साठ ते सत्तर टक्के असे साधारण मानले जाते. हा ऊस गोदावरीच्या वरही आहे आणि खालीही आहे. म्हणून उसाचा विषय निघाला की दोन्ही बाजूंचे वक्ते अचानक एकमेकांशी सहमत होतात आणि कोकणातल्या समुद्राकडे जाणाऱ्या पाण्याबद्दल बोलू लागतात.

पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी घाटमाथ्यावरून गोदावरीत वळवायची कल्पना चुकीची नाही. वैतरणेच्या खोऱ्यातून थोडे पाणी वळवायच्या योजना आहेतही. पण ते पाणी येईल तेव्हा येईल, आणि त्यातले बरेचसे विजेने उपसून चढवावे लागेल. चालू दुष्काळात त्याचा उपयोग नाही. वाटणीचा प्रश्न नव्या पाण्याच्या आश्वासनाने सोडवायचा, ही राजकारणाची जुनी सवय आहे. त्यात कुणालाच काही सोडावे लागत नाही.

वाटणी प्रत्यक्ष कशी करतात, हे ज्यांनी शेकडो वर्षे करून दाखवले ते लोक महाराष्ट्रातलेच आहेत. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धत चालत आली. हे तापीचे खोरे, गोदावरीचे नव्हे, पण पाऊसमान तसेच तुटपुंजे. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघणारा पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे. त्या प्रत्येक तुकड्याला फड म्हणायचे. एका फडात एका वर्षी एकच पीक. एका फडात ऊस असेल, तर दुसऱ्यात खरीप-रब्बीची हंगामी पिके, तिसऱ्यात नुसते एका पाण्यावर येणारे पीक. पुढच्या वर्षी फेरपालट. पाणी सोडायचे काम शेतकऱ्याने करायचे नाही. ते पाटकऱ्याने आणि जागल्याने करायचे. कुणाच्या शेताला किती वेळ पाणी, हे जागल्या ठरवणार आणि त्याला त्याचा मेहनताना पिकातून मिळणार.

या पद्धतीतली खरी हुशारी दुष्काळात दिसते. बहुतेक शेतकऱ्यांची जमीन एकाच फडात नसे. प्रत्येक फडात त्याचा एखादा तुकडा असे. पाणी कमी आहे असे दिसले, की गाव एकत्र बसून एक फड कोरडा ठेवायचा निर्णय घेई. त्या फडात सगळ्यांचेच काही ना काही बुडे आणि उरलेल्या फडांत सगळ्यांचेच काही ना काही पिके. पाटाच्या तोंडाशी जमीन असलेला माणूस सुखात आणि शेपटाकडचा बुडाला, असे होत नसे. तूट आपोआप वाटली जाई. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे हा निर्णय पेरणीच्या आधी होई. पुढे नदीवर वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर पंप बसले, ज्याला त्याला स्वतःचे पाणी स्वतःच्या मर्जीने घेता येऊ लागले आणि फड मोडत गेले. पंप असलेल्या माणसाला जागल्याची गरज उरली नाही.

इंग्रजी राजवटीतल्या अभियंत्यांनाही या प्रश्नाने छळले होते. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. ऊस साधारण एक तृतीयांश क्षेत्रावर, उरलेल्यावर कमी पाण्याची पिके आणि फेरपालट. पाणी काही गावांत साचून न राहता जास्त गावांना मिळावे, हा हेतू. यात फडाचीच सावली दिसते. पुढे ब्लॉक म्हणजे उसाचा परवाना असाच अर्थ लोकांच्या मनात रुजला, आणि एक तृतीयांशाची अट विसरली गेली.

गोदावरीच्या वरच्या खोऱ्यातच, पालखेड समूहातल्या वाघाड धरणावर, एक अलीकडचा प्रयोग आहे. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातले हे धरण. त्याच्या कालव्याचे शेपूट नाशिकजवळच्या ओझरकडे (प्रवरेवरच्या नव्हे) येते आणि वर्षानुवर्षे ते कोरडेच राहत असे. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला याच शेपटाकडच्या गावांत पाणी वापर संस्था उभ्या केल्या. पुढे संपूर्ण धरणाच्या लाभक्षेत्रात २४ संस्था झाल्या, त्यांचा एक संघ झाला आणि सगळा प्रकल्प शेतकऱ्यांच्या व्यवस्थापनाखाली आला. पाणी घनमापनाने, म्हणजे मोजून मिळते. धरणात किती साठा आहे हे पावसाळ्याच्या शेवटी सगळ्या संस्थांना कळते, प्रत्येकीचा कोटा ठरतो आणि त्यात काय पिकवायचे ते शेतकरी ठरवतो. नाल्यांतून पाणी सोडून विहिरींचे पुनर्भरणही त्यांनी केले, कारण द्राक्षबागेच्या ठिबकला पाणी विहिरीतूनच घ्यायचे असते. कालव्याचे आणि विहिरीचे पाणी एकाच वहीत लिहिणारे असे प्रकल्प महाराष्ट्रात मोजकेच.

खात्याच्या कालव्यांवर याच्या उलट चालते. ऑक्टोबरमध्ये पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली कालवा सल्लागार समितीची बैठक होते, रब्बीची किती आवर्तने आणि उन्हाळी किती हे ठरते. शेतकऱ्याने सात नंबरचा पाणी मागणी अर्ज भरायचा, शेजपाळीप्रमाणे, म्हणजे ठरलेल्या पाळीने, चारीला पाणी यायची वाट पाहायची. नियमाने पाणी शेपटाकडून तोंडाकडे द्यायचे असते. प्रत्यक्षात तोंडाकडच्याचे भरल्याशिवाय शेपटाकडे जात नाही, हे कोणताही पाटकरी सांगेल. म्हणजे खोऱ्यात वरचे-खालचे जे भांडण आहे, तेच प्रत्येक कालव्यावर आणि प्रत्येक चारीवर लहान आकारात आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या २०८ व्या किलोमीटरवरच्या शेतकऱ्याला विचारले, तर त्याची तक्रार नाशिकवाल्यांपेक्षा आधी पैठणवाल्यांबद्दल असेल.

कावेरीची आठवण इथे होतेच. कर्नाटक आणि तामिळनाडू यांच्या वाटपात लवादाने २००७ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात चांगल्या वर्षाचे आकडे ठरवले. तामिळनाडूला बिलीगुंडलूला १७७.२५ टीएमसी. तुटीच्या वर्षी वाटे प्रमाणात कमी व्हावेत एवढेच तत्त्व आहे. नेमके किती आणि कधी यावर दर वाईट पावसाळ्यात, २०२३ मध्येही, भांडण नव्याने सुरू झाले. महाराष्ट्राच्या कायद्यात निदान तुटीचे सूत्र तरी आहे.

पण त्या सूत्राची तारीख चुकीची आहे. १५ ऑक्टोबरला साठे मोजायचे, ३१ ऑक्टोबरपर्यंत सारखे करायचे. आडसाली ऊस लागतो जुलै-ऑगस्टमध्ये आणि तो सोळा-अठरा महिने उभा असतो. पूर्वहंगामी ऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लागतो. म्हणजे मोजणीच्या दिवशी वरच्या आणि खालच्या दोन्ही शेतकऱ्यांनी पुढच्या वर्ष-दीड वर्षाचे पाणी आधीच जमिनीत पुरलेले असते. त्यानंतर धरणातून पाणी सोडा म्हणणे म्हणजे उभे पीक सोडा म्हणण्यासारखे. मग माणूस रस्त्यावर येणार नाही तर काय करणार? फडवाल्यांनी हे जाणले होते. कोणता फड कोरडा ठेवायचा हे ते बी टाकण्याआधी ठरवत. कायद्याने धरणांतल्या पाण्याची टक्केवारी सारखी करायला सांगितले, पण त्या पाण्यावर उभ्या होणाऱ्या पिकाला जून-जुलैमध्ये कुठलीच मर्यादा घातली नाही. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्ये राज्याची २५ उपखोऱ्यांत मांडणी करून, कुठे किती पाणी आहे ते पाहून पीकरचना ठरवायची दिशा दाखवली होती. उसाला ठिबक सक्तीचे करायचे सरकारने २०१७ मध्ये ठरवले. दोन्ही कागद उपलब्ध आहेत.

दुसरी उणीव विहिरींची. सूत्र धरणांतले पाणी मोजते, जमिनीखालचे मोजत नाही. वरच्या भागात कालव्याच्या पाझराने भरलेल्या हजारो विहिरी आणि शेततळी हिशेबाबाहेर राहतात, आणि जायकवाडीच्या फुगवट्यात पाइप टाकून थेट उपसणारेही राहतात. नदी, कालवा आणि विहीर हे एकच पाणी आहे. वाघाडच्या शेतकऱ्यांना ते कळले, पाच समूहांच्या कोष्टकात ते आलेले नाही.

मेंढेगिरी अहवालाचा फेरविचार करायला प्रमोद मांदाडे यांच्या अध्यक्षतेखाली नवा अभ्यासगट नेमला गेला आणि त्याने जायकवाडीची ६५ टक्क्यांची मर्यादा ५८ वर आणायची शिफारस केली. मराठवाड्यात यावरून नाराजी उसळली, वरच्या भागात समाधान झाले. सात टक्के म्हणजे जायकवाडीच्या उपयुक्त साठ्यातले सुमारे ५.४ टीएमसी. २०२३ च्या आदेशातल्या पाण्याच्या निम्म्याहून जास्त. एवढ्या पाण्यासाठी दोन्ही बाजू पुन्हा न्यायालयात जायला तयार होतील. ६५ असो की ५८, ज्या आकड्याची घोषणा ऊस लागल्यावर होते तो आकडा कधीच शांततेने अमलात येणार नाही. कालवा सल्लागार समित्यांची पहिली बैठक मृग सुरू होण्याआधी व्हावी, पाऊस कमी झाला तर कोणत्या समूहाखाली किती एकर ऊस पाण्याला पात्र असेल ते तिथेच लेखी जाहीर व्हावे, आणि कारखान्यांनी त्यापुढच्या उसाची नोंद घेऊ नये. लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांनी आपल्या समितीकडे आणि आपल्या आमदाराकडे येत्या मे महिन्यात हीच मागणी करावी.